कोट भक्कम, पण कोठारात काय? (खेळाडूंच्या मनाच्या मशागतीविषयी)



पहाटे साडेपाचच्या सुमारास दौलताबादच्या किल्ल्याखालच्या रस्त्यावर कधी उभे राहून पाहा. अजून नीट उजाडलेले नसते. खुलताबादच्या घाटाकडून पावलांचा आवाज येतो आणि अंधारातून पाच-सहा पोरे धापा टाकीत बाहेर पडतात. कुणाच्या कानाला मफलर, कुणाच्या बुटाचा तळवा निघालेला. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी फौजेची, एखादा जिल्ह्याच्या शर्यतीत उतरणार असतो. हल्ली दोन-चार मुलीही दिसतात. ही सगळी आपल्याच घरची लेकरे आहेत. रात्री लाइट असते म्हणून बारे धरायला बाप जागलेला असतो आणि पहाटे लेक पळत असतो.

यांतल्या एखाद्या बापाला विचारा, "पोराचा खुराक काय?" तो घडाघडा सांगेल. दूध किती, अंडी किती, भिजवलेले हरभरे किती, गुळाचा खडा केव्हा. व्यायाम विचारा, तेही सांगेल. पण "त्याच्या मनाची तयारी काय?" असे विचारले, की बाप आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. "मनाची कसली आलीय तयारी? मन घट्ट पाहिजे बस्स!" एवढेच उत्तर मिळते. मन घट्ट पाहिजे हे खरेच आहे. पण ते घट्ट होते कशाने, हे आपण कधी बोलत नाही. आजचा लेख त्यासाठी आहे.

मिठाच्या गोण्या

आपल्या देवगिरीच्या किल्ल्याची एक गोष्ट लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. हा किल्ला बळाने जिंकणे अवघड. खालपासून तासून काढलेला उभा कडा, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जायला ती अंधारी. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा राजा रामदेवराय किल्ल्यात गेला. घाईघाईत गोण्या आत नेल्या. दाणागोटा भरपूर आहे, आता कितीही दिवस वेढा पडो, असे सगळ्यांना वाटले. पुढे गोण्या उघडल्या तर आत मीठ! धान्य नव्हतेच. कोट जागचा हलला नाही, तटाला भगदाड पडले नाही, पण राजाला तह करावा लागला, असे सांगतात.

खेळाडूचे असेच होते. दंड, मांड्या, छाती म्हणजे त्याचा कोट. तो आपल्याला दिसतो, म्हणून आपण तेवढाच बघतो. आत कोठारात काय भरले आहे ते कळते वेढा पडल्यावरच, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी. तेव्हा गोणी उघडून उपयोग नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पुतण्याचे उदाहरण घरात घडलेले आहे. त्याची परवानगी घेऊन लिहितो, नाव मात्र लिहीत नाही.

चार फेऱ्यांचा हिशेब

पोरगा पळायला चांगला. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावायचे असते, म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. त्याने पाच मिनिटे दहा सेकंदांचे लक्ष्य धरले होते. गावच्या मैदानावर ते त्याला अनेकदा जमले होते. पण प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी काय झाले? रात्रभर झोप नाही. सकाळी घास उतरला नाही. रांगेत उभा असतानाच हात गार पडले. शिटी झाली तसा तो सुटला तो बाणासारखा. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या फेरीत छाती भरून आली, तिसऱ्या फेरीत पाय जड झाले आणि चौथ्या फेरीत त्याच्या मागची पोरे त्याला ओलांडून गेली. शेवटी यादी लागली तेव्हा दीड गुणाने नाव राहिले.

आता यात भुताटकी काही नाही. माणूस घाबरला, की शरीराला वाटते समोर वाघ उभा आहे. काळीज जोराने धडधडते, श्वास वरच्यावर आखूड होतो, खांदे आणि जबडा आवळला जातो. ही शरीराची पळून जाण्याची तयारी असते. ती वाईट नाही. त्यातूनच जोर मिळतो. पण तो जोर पहिल्याच फेरीत उधळला, की पुढच्या तीन फेऱ्यांना शिल्लक काही राहत नाही. कारखान्याचा पहिला हप्ता हातात पडल्या पडल्या कुणी बाजार करून मोकळा झाला, तर दिवाळीला त्याच्या हातात काय राहणार?

हिशेब साधा होता. पाच मिनिटे दहा सेकंद म्हणजे तीनशे दहा सेकंद. त्याला चाराने भागले की दर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पोराने चारही फेऱ्या एकदम डोक्यात घेतल्या, शिवाय बापाचे कर्ज, बहिणीचे लग्न आणि गावातली माणसे काय म्हणतील हेही घेतले. एवढे ओझे घेऊन कोण पळेल? त्याने डोक्यात फक्त चालू फेरी आणि साडेसत्त्याहत्तर हा आकडा ठेवायला हवा होता.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची गोष्ट या जागी सांगण्यासारखी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले. शेवटी शेवटी तर भिंत दिसेना. तो गडबडला नाही. एका पल्ल्याला आपले किती हात पडतात हे त्याला सरावाने पाठ होते. तो हात मोजत गेला आणि मोजून भिंतीला पोचला. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम, दोन्ही त्याचे. डोळे गेले तरी मोजणी होती. संकटात मनाला धरायला असा एखादा खुंटा लागतो, आणि तो आधीपासून ठोकून ठेवावा लागतो.

आष्टीच्या मांडव्याचा अविनाश

आपल्या शेतात ऊसतोडीला ज्या टोळ्या येतात त्यांतल्या कितीतरी बीड जिल्ह्यातून येतात. त्याच जिल्ह्यातले आष्टी तालुक्यातले मांडवा हे गाव. तिथल्या अविनाश साबळेची हकिगत आपल्या प्रत्येक पळणाऱ्या पोराने पाठ करावी अशी आहे.

जन्म १९९४ चा. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, बस नाही, म्हणून चालत किंवा पळत जायचे. बारावीनंतर तो फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी झाली, राजस्थानचे ऊन झाले. तोवर हा काही खेळाडू नव्हता. २०१५ मध्ये फौजेच्या क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. सुमारे तीन फूट उंचीचे आडवे लाकडी अडथळे अठ्ठावीस वेळा ओलांडायचे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. दमलेल्या पायांनी, भिजलेल्या बुटांनी, दहा-बारा जणांच्या गर्दीत. शेतकऱ्याच्या आयुष्याशी इतकी मिळतीजुळती दुसरी शर्यत नसेल!

गोपाळ सैनी यांचा या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून कुणी मोडला नव्हता. अविनाशने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला, सदतीस वर्षांनी. पण हे झाले यशाचे. आपण त्याची अपयशे बघू, कारण शिकायचे तिथे आहे.

२०१८ च्या आशियाई स्पर्धा दुखापतीमुळे हुकल्या. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या धडपडीत तो अडकला. तरी सावरून धावत राहिला आणि त्या गोंधळातही त्याने राष्ट्रीय विक्रम केला. भारताच्या बाजूने तक्रार झाली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. तिथे तो तेरावा आला, पण वेळ अशी दिली की टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळाली. पडल्या जागी "माझं नशीबच फुटकं" म्हणत बसला असता, तर तक्रार मान्य होऊन काय उपयोग होता?

२०२१ ला टोकियोत त्याने पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरीही अंतिम फेरी मिळाली नाही. आयुष्यातली सर्वांत चांगली धाव धावून बाहेर! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळाले. १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता, त्यात हा बीडचा गडी घुसला. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने, ०.०५ सेकंदाने. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद. सगळीकडून टीका. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, १ ऑक्टोबरला, चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतले, आणि पाच हजार मीटरमध्ये रौप्यही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथे क्रमांक अकरावा आला. २०२५ च्या मे महिन्यात आशियाई अजिंक्यपद जिंकले आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीला पडून गुडघा असा दुखावला की शस्त्रक्रिया करावी लागली.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. हुकले, पडला, बाद झाला, जिंकला, बाद झाला, जिंकला, पडला. जिंकणाऱ्या माणसाच्या वाटेला हार येत नाही असे नाही. त्याच्या वाटेला हार जास्तच येते, कारण तो जास्त वेळा मैदानात उतरतो. दर वेळी त्याला परत उभे राहता आले, यालाच मनाची चिवटाई म्हणायचे.

पाळीचे पाणी आणि मुळ्या

आता ही चिवटाई येते कुठून? काही जण म्हणतात, "जातिवंत पाहिजे." हे खरे नाही. बेणे चांगले लागते हे कबूल, पण मशागतीवाचून नुसते बेणे काय करील?

आपल्याला ठाऊक आहे की गरज नसताना सारखे पाणी पाजलेल्या उसाच्या मुळ्या वरच्यावरच पसरतात. दिसायला हिरवागार, पण वादळी पावसात आधी लोळतो तोच. बेताबेताने पाळी लांबवत नेली, की मुळ्या पाण्याच्या शोधात खाली जातात. मात्र पाणी अजिबात तोडले तर ऊस वाळतो. मनाचेही हेच. पोराला सगळे आयते, सोयीचे दिले तर मूळ खोल जात नाही. आणि "मार खाल्ल्याशिवाय पहिलवान होत नाही" म्हणून रोज शिव्या आणि काठी दिली तर कोंबच करपतो. ताण द्यायचा, पण बेताने, आणि ताणानंतर विसावा द्यायचा.

सरावात हे करता येते. रोज थंड वेळी पळता, तर आठवड्यातून एकदा ऊन चढल्यावर, पाणी जवळ ठेवून, कमी अंतर पळा. रोज एकटे पळता, तर कधी अनोळखी पोरांत जाऊन पळा. मित्रांना कडेला उभे करून आरडाओरडा करायला सांगा. वेळ लावणारा माणूस, शिटी, छातीवर नंबर, सगळे परीक्षेसारखे करून महिन्यातून एकदा रंगीत तालीम घ्या. मग परीक्षेच्या दिवशी मन म्हणते, "हे तर आपण पाहिलेलं आहे."

नेमबाजी हा खेळ तर जवळजवळ सगळा मनाचाच. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो पुढे होता. पदक दिसत होते. आणि शेवटाकडे एकच नेम चुकला, ७.६ गुणांचा. चौथा आला. वर्षभराच्या आत, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये तोच प्रकार, तसाच अंतिम सामना. सुरुवातीला मागे होता. पण एक गोळी झाली की ती झाली, पुढची गोळी नवी, असे करत करत वर सरकला आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

गेली ती गोळी परत आणता येत नाही. पण ती डोक्यात घेऊन बसलो, तर पुढचीही वाया जाते. म्हणून नेमबाज प्रत्येक गोळीआधी ठरलेल्या चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने करतात. श्वास, उभे राहणे, नजर, बोट. आपल्या पोरांनाही असा क्रम लावून द्यावा. धावपट्टीवर उभे राहिल्यावर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच वेळा. खांदे सैल. मनात एकच वाक्य, "पहिली फेरी बेताने." यात मंत्र-तंत्र काही नाही. श्वास लांबला की काळजाची धडधड उतरते, एवढाच त्याचा अर्थ.

खोडव्याचे बुडखे

पुतण्याकडे परत येतो. यादीत नाव नाही म्हटल्यावर तो बोलेनासा झाला. जेवायला हाक मारली तर "भूक नाही." घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारी, "काय, लागला का नंबर?" माझे बंधू तापट. एके दिवशी जेवताना बोलून गेले, "दोन वर्षं दूध-अंडी खाल्ली, शेवटी काय उजेड पाडला?" पोरगे ताटावरून उठले. रात्री अकरा वाजले तरी घरी नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन शिवार पालथे घातले. शेवटी सापडला तो जुन्या विहिरीच्या थारोळ्यावर, पाय आत सोडून बसलेला. बंधूंनी काही न बोलता त्याच्या शेजारी बसकण मारली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघेही बराच वेळ तसेच बसून होते. ती रात्र आठवली, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

चार दिवसांनी उसाची तोड झाली. मी मुद्दाम त्याला बुडखे छाटायला बरोबर घेतले. आपल्याला माहीत आहे, तोडणीनंतर बुडखे जमिनीबरोबर छाटले नाहीत तर वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि ते कमजोर निघतात. जमिनीलगत छाटले, की खालच्या डोळ्यांतून जोमदार कोंब येतो. पाचट सरीत दाबले, वेळेवर खत-पाणी दिले, की खोडवाही चांगला साधतो.

छाटता छाटता मी म्हटले, "बाबा, तुझी लागण तुटली. आता खोडवा धरायचा का नांगर घालायचा, ते तू ठरव. पण खोडवा धरायचा असेल तर बुडखा वर ठेवू नको." तो म्हणाला, "म्हणजे काय काका?" मी म्हटले, "मैदान ओलं होतं, बूट चावले, नशीब फुटकं, हे वरचे डोळे. त्यातनं फुटवा आला तर तो कमजोर. खाली छाट. पहिली फेरी का उधळली, झोप का लागली नाही, ते बघ."

त्याने वही घेतली. काय बरे झाले, काय चुकले, पुढच्या वेळी काय करायचे, असे तीन रकाने पाडले. पहिल्या रकान्यातही चार ओळी निघाल्या, त्याला स्वतःलाच नवल वाटले. हार ही चांगली गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. हार कडूच असते, रडू येते, येऊ द्यावे. दोन दिवस दुःख करावे. पण तिसऱ्या दिवशी वही काढावी.

मनाला पाठ लागते

मनाची ताकद ज्याची त्याने कमवायची, हे अर्धेच खरे आहे. आपण सहकारवाले माणसे. एकट्याच्या उसाला गाळप मिळत नाही म्हणून तर एकत्र आलो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले. तोवरची कुस्ती तांबड्या मातीतली, तिथे मात्र मॅट. नवे नियम, परका देश. तरी सहावे आले. नंतरची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. गावाने, ओळखीपाळखीच्या लोकांनी पैसा पैसा जमवला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड मारून त्यांनी ते गहाण घर सोडवले, असे सांगतात. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात.

परक्या देशात मॅटवर उभ्या राहिलेल्या त्या पहिलवानाच्या पाठीशी एक गहाण पडलेले घर आणि अख्खा गाव उभा होता. ते ओझे झाले नाही, आधार झाला. का? माझ्या समजुतीप्रमाणे, त्या लोकांनी पैसे दिले ते "पदक आणलंस तरच आमचा" अशा अटीवर नव्हे. आपण घरात नकळत हीच अट घालतो, आणि मग आधाराचे ओझे होऊन बसते.

दुसरे उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातले. फौजेत होते, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक गोळी मणक्यापाशी राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचार म्हणून पाण्यात उतरवले, तर तिथे पोहणारा सापडला! १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्ण. २०१८ ला पद्मश्री मिळाली. चिवटाई म्हणजे एकाच भिंतीवर डोके आपटत राहणे नव्हे. वाट बंद झाली तर दुसरी वाट धरणे हीही चिवटाईच. भरतीचे वय निघून गेलेल्या पोरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स ही जगातली अव्वल खेळाडू. २०२१ ला टोकियोत हवेत असताना तिला आपले शरीर कुठे आहे याचेच भान राहीना. तिने ऐन ऑलिंपिकमध्ये बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. लोकांनी नावे ठेवली. ती थांबली, उपचार घेतले, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. अंग मोडले तर आपण पोराला हाडाच्या डॉक्टरकडे नेतो, तिथे लाज वाटत नाही. मग मन मोडले तर का लाज वाटावी?

पोरगा दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, माणसे टाळत असेल, "माझा काही उपयोग नाही" असे बोलत असेल, तर त्याला "नाटकं करू नको" म्हणू नका. जवळ बसा, विचारा, आणि डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक भिंतीवर दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा. आणि मरणाची भाषा कानावर आली, तर दोन आठवडे तर सोडाच, एक रात्रसुद्धा थांबू नये.

घरच्यांनी काय करावे

आता बापांसाठी, काकांसाठी आणि माझ्यासारख्या बोलघेवड्यांसाठी चार शब्द.

पोर मैदानावरून आले की पहिला प्रश्न "कितवा आलास?" असा नको. "आज काय जमलं?" असा विचारावा. शाबासकी द्यायची ती मेहनतीची द्यावी. "तू वाघ आहेस" म्हटले, की हरल्यावर त्याला वाटते आपण मांजर झालो. "तीन महिने एकही पहाट चुकवली नाहीस" म्हटले, तर ते हरल्यावरही खरेच राहते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात कर्जाच्या गोष्टी काढू नयेत. त्या त्याला ठाऊक असतातच. दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नये. आणि भरतीचा एकच दोर धरून त्याला विहिरीत सोडू नये. शिक्षण, शेती, एखादा हुन्नर, असा दुसरा दोर हाताशी असला, की पहिला दोर धरताना हात कापत नाही.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच. पोरगी पहाटे पळायला निघाली तर आधी घरातूनच टोमणे सुरू होतात. तिला कणखर व्हा म्हणून सांगण्याऐवजी तिच्याबरोबर सायकलवर भाऊ किंवा बाप गेला, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

पुतण्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. दुसऱ्या खेपेला त्याने चारही फेऱ्या जवळजवळ सारख्या वेळेत काढल्या. मैदानाचे गुण चांगले पडले, लेखीत थोडक्यात राहिला. आम्ही सगळे धास्तावलो होतो. तो संध्याकाळी एस.टी.ने आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "आई, वाढ." बंधूंनी काही विचारले नाही, फक्त स्वतःचे ताट त्याच्या शेजारी घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो खोडव्याला पाणी द्यायला गेला आणि आठवड्याने लेखीची पुस्तके घेऊन बसला. आता घाटात पळणाऱ्या लहान पोरांच्या वेळा तोच लावतो. तिसऱ्यांदा फॉर्म भरला आहे. नंबर लागेल न लागेल. पण त्याच्या गोण्यांत आता मीठ नाही, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तेव्हा मंडळी, यंदा पोराच्या खुराकाचा हिशेब करताना ही एक बाबही त्यात धरा. कोट तर आपण बांधतोच. कोठारात काय भरतो आहोत, तेही अधूनमधून गोणी उघडून बघत जाऊ.

— एक ऊस उत्पादक सभासद, दौलताबाद